भाऊजींची मताची खुर्ची

भाऊजी, आधीच सांगून टाकतो: हे लिहायला बसलोय ते माझ्या नेहमीच्या खुर्चीवर, फ्रिजशेजारी, एसीच्या झोतात. तुमच्या त्या वेताच्या खुर्चीवर नाही. तुम्हाला जाऊन महिना होत आला, पण तिच्यावर अजून कोणी बसलेलं नाही. ताई रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि परत खिडकीला लावून ठेवते. आज शुक्रवार आहे. ताई आत हमूर माशाचं कालवण करतेय, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला म्हणाली, "त्यांना आवडायचं, मी करणार. कोणाला काय बोलायचं ते बोलू दे." मी कशाला बोलतोय! मी जेवायची वाट बघत कागद पुढे ओढलाय.

माणूस गेला की त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहायचे असतात म्हणे. ते काम तुमच्या लॅबवाल्यांनी केलंय, फोटोसकट. तुमचं शिक्षण, तुमची पदं, सगळं त्यात आलंय. त्यात तुम्ही इतके शांत आणि समंजस वाटता की मला क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. अहो, मेहुणा आहे मी तुमचा. तुम्ही किती हट्टी होतात ते मला विचारा. जेवताना भाषण द्यायचात, आमटी निवून जायची, आणि मग ती गार का म्हणून ताईलाच विचारायचात. मला तुमच्याबद्दल बरं लिहायचं नाहीये. मला आपलं भांडण पुरं करायचंय. तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

तुम्ही समुद्राचं पाणी तपासणारे आणि मी समुद्रात माती टाकणारा, इथूनच सगळी सुरुवात. शारजातल्या तुमच्या लॅबमध्ये तुम्ही इथल्या खाड्यांचं पाणी, गाळ, मासे असं सगळं बघायचात. मी भराव टाकणाऱ्या कंपनीत साइट सुपरवायझर. ओल्या जागेवर माती ओतायची, रोलर फिरवायचा, खलास. मला इथं आणलं तेही तुम्हीच. आणि मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अल मजाजच्या या फ्लॅटवर माझं जेवण ठरलेलं. हमूरचं कालवण, भात, गावाहून आलेल्या कोकमाची सोलकढी. हमूरचं डोकं कायम तुमच्या ताटात. मी सख्खा भाऊ असून मला शेपटी! का, तर म्हणे जावयाचा मान. स्वतःच्याच घरात तुम्ही जावई कसले? पण ताई ऐकेल तर शपथ.

मग ते हॉलंड आलं. तुमच्या जुन्या गाइडनं तिथून कळवलं, की इथं एक योजना निघालीय, शास्त्रज्ञांना काही आठवडे खासदारांच्या कमिटीबरोबर बसवायचं. शास्त्रज्ञानं कायदा कसा होतो ते बघायचं आणि खासदारांनी शास्त्रज्ञ कसा विचार करतो ते बघायचं. येतोस का? तुम्ही नाचायचेच तेवढे बाकी होतात. मी म्हटलं, "भाऊजी, पुढाऱ्यांबरोबर बसायला हॉलंड कशाला? आपल्या तालुक्याला जाऊन बसा, वर चहा मिळेल." तरी तुमच्यासाठी लोकरीचा कोट शोधायला दुबईला मीना बाजारात मीच आलो होतो. बाहेर अंग भाजतंय आणि तुम्ही दुकानात कोट घालून आरशासमोर उभे, घामानं निथळत. दुकानदार म्हणाला, "साब, एकदम मिनिस्टर जैसा फिटिंग है." झालं, तुम्ही तो लगेच बांधायला सांगितलात.

फोन महाग, आणि पत्र लिहायचा तुम्हाला कंटाळा. मग तुम्ही तिथून कॅसेटी भरून पाठवायचात आणि ताई स्वयंपाक करताना त्या लावायची. थंडीनं तुमचा घसा बसलेला, पण उत्साह बघा! "ऐका, इथं कायदा करायच्या आधी मसुदा सगळ्यांपुढे ठेवतात. कोणीही शास्त्रज्ञ लिहून कळवू शकतो, बाबांनो यात हे चुकतंय. कमिटी आपल्याला बोलावते, समोर बसवते, तासतासभर प्रश्न विचारते. आणि म्हणे तुमचं म्हणणं एका पानात आणा, दुसरं पान आम्ही उलटत नाही." मी कॅसेटलाच विचारलं, "आणि ते पहिलं पान तरी वाचतं कोण?" ताईनं माझा प्रश्न तुम्हाला कळवला असणार, कारण पुढच्या कॅसेटीत उत्तर आलं. "सुरेशला सांग, मारीबाई वाचते."

मारीबाई म्हणजे त्या कमिटीची सचिव. पिकलेल्या केसांची, उंच, चष्मा साखळीला लटकवलेला. तिच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. पहिल्या दिवशी तिनं तुम्हाला एकीवर बसवलं आणि सांगितलं, "या खुर्चीवर बसून फक्त जे मोजलंय ते सांगायचं. स्वतःला काय वाटतं ते सांगायचं असेल तर उठायचं आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचं." तुम्ही विचारलंत, का बुवा? ती म्हणाली, "कारण शास्त्रज्ञ दोन्ही एकाच आवाजात बोलतात. आमच्या लोकांना फरक कळत नाही. मग ते एकतर सगळंच खरं मानतात, नाहीतर काहीच मानत नाहीत." त्या दिवशी तुम्ही इतक्यांदा उठलात-बसलात की संध्याकाळी गुडघे धरले. कॅसेटीत तुम्ही हे सांगताना स्वतःशीच हसत होतात. "अगं, मला वाटायचं मी सगळं मोजूनच बोलतो. निम्मं तर माझं मतच निघालं!"

शेवटी शेवटी त्यांनी तुम्हाला तिथंच ठेवून घ्यायचं म्हटलं. शास्त्रज्ञ आणि कमिटी यांच्यामध्ये बोलणं घडवून आणणारा माणूस त्यांना हवा होता. ताईनं तर इकडे तुमच्या लेकीसाठी, अनघासाठी, लोकरीची टोपी विणायला घेतली होती. आणि तुम्ही परत आलात. विमानतळावर सामान गाडीत टाकायच्या आधी मी विचारलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" तुम्ही म्हणालात, "तिथं शास्त्रज्ञांची रांग लागलीय रे. इथल्या खोरचं पाणी मोजणारे आम्ही दोघं-तिघं." खोर म्हणजे इथली खाडी. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की मी शारजा येईपर्यंत रेडिओ मोठा करून ठेवला. लोकरीची टोपी ताईनं पुरी केली. ती अजून कपाटात आहे.

दुसऱ्याच शुक्रवारी तुम्ही कुठून तरी ही वेताची खुर्ची उचलून आणलीत आणि जाहीर केलंत, ही मताची खुर्ची. जेवणाच्या टेबलावर जे बोलायचं ते खात्रीचं. मत द्यायचं असेल तर उठून इथं यायचं. ताईनं कपाळाला हात लावला. पण काय सांगू, घराला खूळच लागलं हो. मी म्हणायचो, "कालवणात मीठ जास्त झालंय," की छोटी अनघा लगेच, "मामा, फॅक्ट ऑर ओपिनियन?" मी म्हणायचो, "माझी जीभ सांगतेय." "देन गो अँड सिट देअर." मी कधी गेलो नाही. मी म्हणायचो, मला मत परवडत नाही, मी पगारी माणूस. तुम्ही मात्र जेवताना चार-चारदा ताट घेऊन उठायचात, आणि ताई फडकं घेऊन मागे सांडलेलं पुसायला.

इथं बसल्या बसल्या तुम्ही तिकडच्या मसुद्यांवर लिहून पाठवायचात, हे तर मी कोणाला सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. माशांची जाळी कशी असावीत याचा कायदा तिकडे, आणि त्यावर शेरा लिहिणारे आमचे भाऊजी अल मजाजमध्ये, लुंगीवर! मी म्हणायचो, "तिकडचा बांगडा तुम्हाला काय देणार आहे?" पण मारीबाईचं उत्तर यायचं. आणि लॅबमध्ये नवीन कोणी आलं की तुम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात हे पुराण लावायचात, की अरे, नुसते पेपर छापून काय होतंय, जिथं ठरतं तिथं जाऊन बसायला शिका, तिकडे तशी सोय आहे, अर्ज करा. दोघं-तिघं गेलीसुद्धा तिकडे तुमच्या नादानं.

आता आपल्या भांडणाकडे येतो. शारजापुढच्या उम्म अल कुवैनच्या खोरवर तुमचा जीव होता. तिथली झाडं मला पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा माझा दंड गच्च धरला होतात. "सुऱ्या, अरे, तिवर! आपल्या खाडीतलं तिवर!" खरंच तेच होतं, तीच राखट पानं, चिखलातून वर आलेली तीच मुळांची बोटं. तुम्ही तिथं पँट वर करून चिखलात उतरलात आणि मला वाटलं आता हे काही आज घरी येत नाहीत.

आणि त्याच खोरच्या एका फाट्यावरून पलीकडच्या गोडाउनांकडे रस्ता न्यायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. सरळ भराव टाकायचा, फाट्याचं तोंड बंद करायचं, वर डांबर. काम माझ्याकडे आलं, पहिलंच एवढं मोठं. मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही पेढा हातात धरून बसलात. म्हणालात, "तोंड बंद झालं की भरतीचं पाणी आत जायचं थांबेल. पाणी थांबलं की आत मीठ साचेल. साचलेल्या मिठात तिवर टिकत नाही, आपण मोजलंय ते." मी म्हटलं, "भाऊजी, माझी नोकरी आहे हो त्या मातीत." तुम्ही म्हणालात, "तेही फॅक्ट आहे," आणि पेढा खाल्लात.

आमच्या मॅनेजरला कळलं की या कामावर सल्ला द्यायला लॅबकडून जो डॉक्टर येणार तो माझा भाऊजी. त्यानं मला केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हटलं, "सुरेश, टेल युवर ब्रदर-इन-लॉ, नो प्रॉब्लेम प्लीज. यल्ला." यल्ला म्हणजे चल, नीघ आता. इथं व्हिसा कंपनीचा. नोकरी गेली की बिऱ्हाड बांधायचं आणि गावी जाऊन लोकांना कारणं सांगत बसायचं. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही मान हलवलीत. चेष्टा केली नाहीत, तेवढं मला आठवतंय.

पहिली मीटिंग रस्ता बांधून घेणाऱ्यांच्या ऑफिसात झाली. तुम्ही मारीबाईच्या शिकवणीप्रमाणे एकच पान आणलंत. वाटा तीन: पूर्ण भराव, किंवा भरावात पाण्यासाठी मोऱ्या, किंवा भराव नकोच आणि पूल. प्रत्येकीत काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मोऱ्या ठेवल्या तर झाडं जगतील का, डॉक्टर?" आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला माहीत नाही. कळायला काही वर्षं लागतील." साहेबांनी ते पान नीट घडी करून ठेवलं आणि हसून म्हणाले, "इन्शाल्ला." गाडीत बसल्यावर मी तुमच्यावर तोंडसुख घेतलं. "एवढं हॉलंडला जाऊन शिकलात काय, तर 'मला माहीत नाही' म्हणायला? ते मी इथंच शिकवलं असतं की, फुकटात!" तुम्ही बाहेर वाळूकडे बघत बसला होतात. तिथं मारीबाई विचारायची की नक्की काय माहीत नाही आणि ते कळायला काय लागेल. इथं कोणी तसं विचारलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. मला ते दिसलं, म्हणून मग मी गाडी सुरू केली.

मग कोणीतरी बू सईदचं नाव सांगितलं. त्या खोरच्या काठावर ज्यांच्या पिढ्या होड्या घेऊन राहिल्या अशा घरातले म्हातारे गृहस्थ. पदबिद काही नाही, पण तिकडे काही करायचं म्हटलं की साहेब लोक आधी त्यांना विचारून येत. त्यांची मजलिस, म्हणजे भिंतीलगत गाद्या घातलेली लांबच लांब बैठकीची खोली, संध्याकाळी सगळ्यांना उघडी. कोणीही यावं, सलाम करावा, बसावं. तुम्ही ड्रायव्हिंगच्या टेस्टला इतक्यांदा नापास झाला होतात की ते पोलिससुद्धा तुम्हाला नावानं ओळखायचे. म्हणून तुम्हाला तिथं न्यायचं काम माझ्याकडे. तुम्हाला डॉक्टर म्हणून बू सईदच्या शेजारी बसवायचे आणि मी दाराशी, चपलांपाशी.

अख्खा हिवाळा आपण तिथं जात राहिलो आणि तुम्ही खोरबद्दल चकार शब्द काढला नाहीत. कहवा, म्हणजे इथली ती कडू कॉफी, प्यायचात. छोटा कप हलवून परत दिला की बास, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो वाढणारा ओततच राहिला आणि त्या रात्री तुम्हाला झोप नाही! बू सईद तरुणपणी खजुराची गलबतं घेऊन मुंबईला जायचे. मुंबईची हिंदी फाडफाड बोलायचे. त्यांनी मुंबईच्या गोष्टी सांगायच्या, तुम्ही हसायचं, मी लांबून बघायचं. मी म्हटलं, "हे पण मारीबाईनंच शिकवलं वाटतं, नुसतं बसून राहायचं?" तुम्ही म्हणालात, "हो. ती म्हणायची, आधी ती खोली कशी चालते ते बघ, मग तोंड उघड."

आणि एक दिवस त्यांनीच विचारलं. "डॉक्टर, वो रोड का क्या है? सुना है खोर का मुँह बंद करते हैं." तुम्ही सांगितलंत. पाण्याचं, मिठाचं, तिन्ही वाटांचं. मोऱ्यांबद्दल परत तेच, की पुरतील का ते माहीत नाही. खोलीत दहा-पंधरा माणसं, सगळी ऐकतायत. बू सईदनी माळेचे मणी ओढत विचारलं, "अच्छा. तेरे बाप का खोर होता, तो तू क्या करता?"

आणि तुम्ही उठलात! अहो, यजमानाच्या शेजारची जागा, मानाची, त्यांनी स्वतः हाताला धरून दिलेली. ती सोडून तुम्ही ती सगळी खोली चालत आलात आणि दाराशी, चपलांपाशी, माझ्या शेजारी येऊन बसलात. कहवा वाढणारा जिथल्या तिथे थांबला. सगळ्यांना वाटलं डॉक्टर रागावून चालला. मी दातओठ खात मराठीत म्हटलं, "भाऊजी, काय करताय! परत जा तिकडे!" तुम्ही हळूच म्हणालात, "अरे, इथं मताची खुर्ची नाही. कुठेतरी बसायला हवं ना."

बू सईदनी विचारलं, "क्या हुआ? मेरे बाजू में तकलीफ है?" तुम्ही म्हणालात, "नहीं, बू सईद. वहाँ डॉक्टर बैठा था. उसने जो नापा वही बोला. अब आप मेरे दिल की पूछते हो. वो मैं वहाँ से बोलूँगा तो आपको लगेगा डॉक्टर बोलता है." म्हाताऱ्यांनी माळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तो वहाँ से बोल." तुम्ही म्हणालात, "मैं पुल बनाता. मुँह पूरा खुला रखता." आणि मग, मला काही कळायच्या आत, माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "और ये मेरा साला है. मिट्टी यही डालेगा. इसका घर भी चलना चाहिए." बू सईदना मुंबईतला 'साला' चांगला ठाऊक होता. ते जे हसायला लागले ते थांबेनात, आणि मग सगळी खोलीच हसली. रस्त्याबद्दल पुढं एक शब्द नाही. निघताना मात्र ते तुमचा हात धरून दारापर्यंत आले.

काही दिवसांनी निर्णय आला. पूल नाही. भराव, पण त्यात रुंद मोऱ्या, एक नाही, ओळीनं. आपल्याकडे खारबांधाला पाणी आत-बाहेर व्हायला उघाडी ठेवतात ना, तशा. काम आमच्याच कंपनीकडे राहिलं, मॅनेजर खूश, आणि त्या मोऱ्या मी माझ्या हातानं बसवून घेतल्या. तुम्ही साइटवर आलात, डोक्यावर ते मोठं हेल्मेट, दर दोन मिनिटांनी डोळ्यांवर येणारं. पाणी पहिल्यांदा आत गेलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माझे लोक बघत राहिले, मग तेही वाजवायला लागले.

आणि त्यानंतर कितीतरी शुक्रवार आपलं हेच चाललं. माझं म्हणणं, तुम्ही बू सईदच्या शेजारी बसून, डॉक्टर म्हणून 'पूल' म्हणाला असतात, तर आज तिथं पूल असता. चपलांपाशी येऊन बोललात आणि तुमच्या शब्दाचं वजन निम्मं झालं. तुमचं म्हणणं, तिथून बोललो असतो तर ते खोटं झालं असतं, कारण पूलच हवा असं मी मोजलेलं नव्हतं. मी म्हणायचो, "झाडांसाठी एवढंसं खोटं चाललं असतं की." तुम्ही म्हणायचात, "आज मी झाडांसाठी बोलेन, उद्या दुसरा डॉक्टर गोडाउनांसाठी बोलेल. मग डॉक्टरला विचारायचं तरी कशाला?" ताई म्हणायची, "जेवा आता." आणि मी शेवटचा पत्ता टाकायचो, "पण मोऱ्या पुरल्या नाहीत तर, भाऊजी?"

यावर तुम्ही टेबलाशी बसून कधीच काही बोलला नाहीत. "माहीत नाही," एवढंच. पण एकदा ताट ठेवून उठलात, या वेताच्या खुर्चीवर जाऊन बसलात आणि म्हणालात, "मला भीती वाटते रे, पुरणार नाहीत." मला उगाच विचारलं असं झालं. दर हिवाळ्यात आपण जाऊन तिथलं पाणी मोजायचो, तुम्ही आकडे बघायचात आणि म्हणायचात, अजून सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात तर जायचंच राहिलं. छातीत जरा दुखतंय म्हणालात, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणालात.

तुम्ही गेल्यावर मारीबाईचा फोन आला होता. म्हातारी झालीय, आवाज कापतो. ताईला बोलणं जमेना म्हणून तिनं फोन माझ्याकडे दिला. मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये तिला वेताच्या खुर्चीचं सांगितलं, आणि मजलिसमध्ये तुम्ही चपलांपाशी येऊन बसलात तेही. आधी वाटलं, ती हसतेय, आणि मग कळलं की हसत नाहीये. ती म्हणाली, तिच्या खोलीत इतके शास्त्रज्ञ येऊन गेले, पण खुर्ची बरोबर घेऊन गेलेले तुम्ही एकटेच.

परवा मी एकटाच उम्म अल कुवैनला गेलो. काम काही नव्हतं. भरती चढत होती. मोऱ्यांतून पाणी आत चाललं होतं, फेस धरून, चांगलं जोरात. मी भरावावरून उतरून आतल्या बाजूला गेलो, बूट हातात घेऊन, तुमच्यासारखा पँट वर करून. पूर्वी जिथं नुसता पांढरा, मिठानं फुललेला चिखल होता तिथं तिवराची रोपं उभी आहेत. माझ्या गुडघ्याएवढी. एक-दोन नाहीत हो, सगळीकडे, पार आत, नजर जाईल तिथवर. मी तिथंच चिखलात उभा राहून मोठ्यानं "भाऊजी!" म्हणून ओरडलो. वरच्या रस्त्यावर ट्रक थांबवून एक पठाण ड्रायव्हर बघत राहिला. मी त्याला हात केला, की सब ठीक है. आणि खरंच सांगतो, रडत होतो तरी मला सगळं ठीकच वाटत होतं.

हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. इथपर्यंत लिहिलं ते सगळं जे बघितलं आणि ऐकलं तेवढंच, या टेबलावरून. पुढचं इथून लिहिता येणार नाही. थांबा, उठतो.

बसलो. तुमच्या वजनानं वेत मध्ये खोल गेलाय, माझं ढुंगण पार आत बसतं. इथून खिडकीबाहेरचं लगून, म्हणजे ते खाऱ्या पाण्याचं तळं, छान दिसतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

अनघा खोलीतून आली आणि दाराशीच थांबली. कॉलेजला जायला लागलीय आता, पण डोळे तुमचेच, लगेच हिशेब मागणारे.

"मामा. यू आर सिटिंग देअर."

"हो. मला दोन मतं द्यायचीत."

ती येऊन समोर बसली. मी रोपांचं सांगितलं. म्हटलं, "माझ्या मते मोऱ्या पुरल्या. तिवर आत पसरतंय."

"डिड यू मेझर?"

"नाही. म्हणून तर इथं बसलोय."

तिनं मान हलवली, अगदी तुमच्यासारखी. "ओके. नेक्स्ट फ्रायडे वुई विल गो अँड मेझर. बाबाचं पाणी मोजायचं मीटर माझ्याकडे आहे. अँड द सेकंड वन?"

मी म्हटलं, "त्या दिवशी तुझे बाबा मानाची जागा सोडून चपलांपाशी आले, ते बरोबर केलं. पूल मिळाला असता किंवा नसता. रोपं आली नसती तरीही बरोबरच केलं. मी इतकी वर्षं भांडलो, पण ते माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा मला फार..."

अनघा खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "दॅट वन वुई डोन्ट हॅव टू मेझर, मामा."

तेवढ्यात ताई कालवणाचं पातेलं घेऊन आली. मला इथं बसलेलं बघितलं आणि दारातच उभी राहिली. मला वाटलं आता ऊठ म्हणेल. पण ती टेबलावरचं माझं ताट उचलून घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि त्यात हमूरचं डोकं वाढलं.

भाऊजी, शेपटीपेक्षा डोकं पुष्कळ चांगलं लागतं. हे मत आहे, आणि ते मी योग्य जागी बसून सांगतोय.